हाताला मूठ, चेंडूला तार

"कोणती रॅकेट घेऊ रे?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला किमान सात-आठ जणांनी विचारला असेल. विचारणारे बहुतेक आपल्याच जमातीतले. आयटीवाले, पस्तिशी ओलांडलेले, सोसायटीत नवीन टेनिस कोर्ट झालंय म्हणून किंवा डॉक्टरांनी "जरा हालचाल करा" म्हणून दम दिलाय म्हणून खेळायला निघालेले. गंमत म्हणजे प्रश्न विचारण्याआधीच त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. नदाल आवडायचा म्हणून ही, फेडरर आवडायचा म्हणून ती. माझ्याकडून फक्त होकार हवा असतो.

आता एक व्यापारातलं गुपित सांगतो, तसं ते उघडच आहे. टीव्हीवर दिसणारी रॅकेट आणि दुकानातली रॅकेट यांचा रंग एकच असतो, आतला माल एकच असेल याची काही खात्री नाही. बरेच व्यावसायिक खेळाडू आपली वर्षानुवर्षं हातात बसलेली जुनी फ्रेमच नव्या मॉडेलच्या रंगात रंगवून घेतात आणि खेळतात. शिवाय मुठीत वजन भरलेलं, डोक्याला शिशाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, मूठ हाताच्या साच्याप्रमाणे बनवून घेतलेली. तेव्हा नदालची रॅकेट आपल्याला मिळते ती रंगापुरती!

म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

यात मी इतका खोल शिरलो त्याला कारण माझं उजवं कोपर. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहाला आम्ही चौघं डबल्स खेळतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आठवड्यातले हे साडेचार तास सोडले तर बाकी सगळा वेळ कोणाच्या ना कोणाच्या कॅलेंडरवर बुक झालेला असतो. दोन वर्षांपूर्वी कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. आधी फक्त बॅकहँड मारताना, मग सकाळी दुधाचं पातेलं उचलताना, मग दाराला किल्ली लावतानासुद्धा. निदान करायला डॉक्टरांना दोन मिनिटं लागली. टेनिस एल्बो.

हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचवला तो सचिनने. २००४ साली त्याचं कोपर दुखायला लागलं, २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि टेनिसची रॅकेट उभ्या जन्मात हातात न धरलेल्या आज्याही "त्याला टेनिस एल्बो झालाय हो" म्हणून हळहळायला लागल्या. नाव टेनिसचं असलं तरी ज्यांना हा त्रास होतो त्यातले बहुसंख्य टेनिस खेळतच नाहीत. मनगट मागे वळवणारे जे स्नायू असतात त्यांचा कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथलं हे दुखणं. साधारण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान जास्त. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, "माउस किती तास असतो हातात?" मी म्हटलं, "जागा असतो तेवढे." त्या म्हणाल्या, "मग टेनिसला एकट्याला दोष देऊ नका. पण रॅकेटचं काहीतरी बघा."

आमच्या चौकडीतल्या एकाने याच दुखण्यापायी पंचेचाळिसाव्या वर्षी खेळ सोडला होता. त्याच्या जागी चौथा शोधायला आम्हाला पाच महिने लागले. डबल्सला चार लागतात, तीन माणसं कोर्टवर नुसती गप्पा मारतात. त्यामुळे सहा आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीत मी जे काही वाचत सुटलो ते हौसेपेक्षा भीतीपोटीच.

तर आता मुद्द्यावर येतो. रॅकेट ही वस्तू आपल्या भाषेत सांगायची तर दोन इंटरफेस आणि मधलं इम्प्लिमेंटेशन. तुमच्या हाताला लागते फक्त मूठ. चेंडूला लागतात फक्त तारा. मधली फ्रेम ना तुम्हाला शिवते ना चेंडूला. पण दुकानात, जाहिरातीत आणि आपल्या गप्पांत नव्वद टक्के वेळ बोलणं चालतं ते या मधल्या भागाबद्दल. मूठ "जी असेल ती", आणि गटिंग "जे आलंय ते". माझं म्हणणं असं की क्रम उलटा लावावा. आधी मूठ, मग तारा, आणि फ्रेम सगळ्यात शेवटी.

मूठ

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपण 'ग्रिप' हा एकच शब्द तीन गोष्टींना वापरतो: मुठीचं माप, मुठीवर गुंडाळलेली पट्टी, आणि रॅकेट धरायची पद्धत. दुकानात "ग्रिप बदलायचीय" म्हटलं की समोरचा माणूस आपल्याला सोयीचा अर्थ घेतो.

मुठीचा घेर इंचात मोजतात. ४ इंच, ४ १/८, ४ १/४, ४ ३/८, ४ १/२ असे एक अष्टमांशाने, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटरने वाढत जाणारे आकडे. युरोपियन पद्धतीत यांनाच ०, १, २, ३, ४ म्हणतात. मुठीच्या तळाशी 'एल ३' किंवा नुसता ३ लिहिलेला दिसला की तो ४ ३/८. आपलं माप काढायचं तर तळहात सरळ पसरा, तळव्यावरच्या मधल्या आडव्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत अंतर मोजा, तेवढे इंच. दुसरी पद्धत म्हणजे रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा उंचवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे.

मूठ लहान असली की आपण ती आवळून धरतो आणि कोपर बिघडतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मीही हे मानून चाललो होतो. पण २००६ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शिफारस केलेल्या मापापेक्षा पाव इंच लहान आणि पाव इंच मोठी मूठ देऊन बॅकहँड मारायला लावले, तरी हाताच्या स्नायूंच्या कामात लक्षणीय फरक सापडला नाही. नदाल तर एवढ्या ताकदीने मारायचा तो ४ १/४ च्या लहानशा मुठीने. तेव्हा मापाचा फार धसका घेऊ नका. दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्या, कारण लहानाचं मोठं करता येतं, मोठ्याचं लहान करणं कटकटीचं. वरून एक ओव्हरग्रिप गुंडाळली की साधारण १/१६ इंच, म्हणजे अर्धं माप वाढतं.

मापापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो आकार, आणि त्याबद्दल दुकानात कोणी चकार शब्द काढत नाही. मूठ गोल नसते, अष्टकोनी असते. तिला आठ बाजू, आणि खेळाडू त्यांना नंबर देतात. सगळ्यात वरची सपाट बाजू १, उजव्या हाताने खेळणाऱ्याने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजत जायचं. तर्जनीच्या मुळाचा सांधा २ नंबरवर ठेवलात तर ती कॉन्टिनेंटल ग्रिप, सर्व्हिस आणि व्हॉलीसाठी. ३ वर ईस्टर्न, ४ वर सेमी-वेस्टर्न, ५ वर वेस्टर्न. जसजसे खाली सरकाल तसतसा चेंडूला टॉपस्पिन देणं सोपं. मॅचमध्ये आपण हे नंबर बघत नाही. सर्व्हिस करून फोरहँडला जाताना अर्ध्या सेकंदात बोटं आपोआप कडा चाचपून जागा शोधतात, अंधारात स्विच सापडतो तशी.

आता सगळ्यांचा अष्टकोन सारखा नसतो. 'हेड' कंपनीची मूठ परंपरेने चपटी, आयताकडे झुकणारी. 'विल्सन' आणि 'बाबोला'ची त्या मानाने चौरस-गोलसर. माप तेच, ४ ३/८, पण हातात घेतलं की दोन वेगळ्या वस्तू वाटतात. माझा फोरहँड जुन्या वळणाचा, ईस्टर्न. मला चपटी मूठ आवडते, कारण कडा ठळक लागतात आणि रॅकेट किती वळलीय ते न बघता कळतं. आमच्यातला जो सर्वांत तरुण भिडू आहे, तो ४ आणि ५ च्या मधे कुठेतरी धरतो. त्याला चपटी मूठ हातात फळी धरल्यासारखी वाटते. दोघंही बरोबर! म्हणून एका कंपनीतून दुसरीकडे जाताना पहिली परीक्षा मुठीची घ्या. डोळे मिटा, रॅकेट हातात गोल फिरवा, थांबा, आणि आपली नेहमीची जागा सापडते का बघा.

एक सूचना. एकावर एक दोन-तीन ओव्हरग्रिप गुंडाळल्या की कडा बुजतात आणि अष्टकोनाचा नळ होतो. पूर्ण एक माप वाढवायचं असेल तर गरम हवेने आकसणारी बाही मिळते, ती चढवून घ्या. आणि घामाचं म्हणाल तर ज्यांचा तळवा ऑक्टोबर हीटमध्ये ओला होतो त्यांनी चिकट ओव्हरग्रिपपेक्षा 'टूर्ना'सारखी कोरडी निळी घ्यावी. ती ओली झाली की जास्त पकडते. ओव्हरग्रिप गुळगुळीत झाली की बदलायची. रॅकेट निसटेल म्हणून आपण नकळत मूठ आवळतो, आणि तो सगळा ताण कोपराकडे जातो.

तारा

आपण सगळे ज्याला 'गटिंग' म्हणतो त्या शब्दाचा उगम आतड्यात आहे. गट म्हणजे आतडं. फ्रान्समध्ये ल्योंला बाबोला कंपनी १८७५ पासून हा उद्योग करतेय. आधी मेंढ्यांच्या आतड्यापासून, आता गाईच्या. दीडशे वर्षं झाली तरी लवचिकपणात आणि ताण टिकवून धरण्यात नैसर्गिक गटला तोड सापडलेली नाही. पण किंमत भारी, पावसाचं वावडं, आणि शाकाहारी मंडळींची अडचण वेगळीच. आमच्यातले एक जण हे ऐकल्यावर दोन मिनिटं रॅकेटकडे बघत बसले होते. त्यांच्या रॅकेटला साधं नायलॉन होतं, ते सांगितल्यावर परत खेळायला लागले. :)

बाकीचे प्रकार तीन. साधं नायलॉन, ज्याला सिंथेटिक गट म्हणतात. स्वस्त आणि मस्त. दुसरं मल्टिफिलामेंट, शेकडो बारीक धाग्यांचा पीळ, गटची नक्कल करणारं, मऊ. तिसरं पॉलिएस्टर, एकसंध आणि कडक.

पॉलिएस्टरची खरी कहाणी १९९७ साली सुरू होते. गुस्तावो कुएर्तेन नावाचा फारसा कोणाला माहीत नसलेला ब्राझीलचा पोरगा 'लक्झिलॉन' या बेल्जियन कंपनीच्या पॉलिएस्टर तारा लावून फ्रेंच ओपन जिंकला. त्यानंतर दौऱ्यावरचे खेळाडू भराभर तिकडे वळले. यामागचं भौतिकशास्त्र झकास आहे. चेंडू तारांवर असतो अवघे ४ ते ५ मिलिसेकंद. तेवढ्यात आपण चेंडू खालून वर घासला की उभ्या तारा बाजूला सरकतात. पॉलिएस्टर गुळगुळीत आणि कडक असल्यामुळे चेंडू सुटायच्या आत त्या तारा झटक्यात जागेवर परत येतात आणि जाता जाता चेंडूला आणखी एक फिरकी देतात. त्यामुळे जीव खाऊन मारलेला चेंडूही कोर्टात पडतो.

पण "जीव खाऊन मारलेला" हे शब्द महत्त्वाचे. तेवढा वेग आपल्या हातात नसेल तर फिरकीचा फायदा थोडा आणि कडकपणाचा हिशेब मात्र पूर्ण चुकवावा लागतो, तो कोपराला. शिवाय पॉलिएस्टर तुटत नाही, मरतं. पहिल्या काही तासांतच ताण उतरायला लागतो, महिन्या-दीड महिन्यात तारा जागेवर परत यायच्या बंद होतात, पण दिसायला शाबूत! आणि आपला मध्यमवर्गीय बाणा असा की तुटल्याशिवाय काहीच बदलायचं नाही. दौऱ्यावरचा खेळाडू एका मॅचमध्ये तीन-चार ताज्या रॅकेट काढतो. आपण तेच गटिंग गणपती ते गुढीपाडवा चालवतो.

आमचे गटिंगवाले काका वीस वर्षं हेच काम करतायत. मी रॅकेट घेऊन गेलो तेव्हाचा संवाद:

"साहेब, पॉलीच टाकू ना? पोरं सगळी तेच टाकतात."

"काका, मल्टिफिलामेंट टाका. १६ गेज. आणि पन्नासवर ओढा."

"पन्नास? सैल होईल बघा. बॉल उडेल."

"उडू द्या. कोपर दुखतंय हो."

"असं बोला की मग! पोरांना मी सांगतो पण ऐकतात कुठं."

हा पन्नासचा आकडा म्हणजे तारा किती पाउंडांनी ताणायच्या तो. बहुतेक रॅकेटींवर ५० ते ६० अशी काहीतरी शिफारस छापलेली असते. जास्त ताण म्हणजे जास्त ताकद, असा एक गोड गैरसमज आहे. खरं उलटं आहे. सैल तारांवर चेंडू थोडा जास्त वेळ राहतो, थोडा उंच निघतो, खोलवर जातो, आणि हाताला धक्का कमी बसतो. ताणलेल्या तारांनी चेंडू आटोक्यात राहतो. सॅम्प्रस ७० पाउंडांच्या वर ताणून घ्यायचा, पण त्याच्या रॅकेटचं डोकं ८५ चौरस इंचाचं, तारा नैसर्गिक गटच्या, आणि मनगट सॅम्प्रसचं. फेडररने वेगळीच तडजोड काढली होती: उभ्या तारा गटच्या, आडव्या पॉलिएस्टरच्या. मऊपणा पण आणि सरकणं पण. याला हायब्रिड म्हणतात, आणि थोड्या कमी खर्चात उभं नायलॉन-आडवं पॉली असंही करून बघता येतं.

आणखी एक. काकांच्या मशिनवरचे ५० आणि दुसऱ्याच्या मशिनवरचे ५० सारखे असतीलच असं नाही. हाताने दांडा फिरवायचं मशिन ठरावीक ताणाला अडकून थांबतं, इलेक्ट्रॉनिक मशिन तार गाठ मारेपर्यंत ओढतच राहतं, त्यामुळे तेच पाउंड तिथे जास्त घट्ट बसतात. म्हणून गटिंगवाला शक्यतो बदलू नये. आणि बदलायचं कधी, याचा सोपा नियम: आठवड्यातून जितक्या वेळा खेळता, वर्षातून तितक्या वेळा गटिंग. पॉली असेल तर त्याहून लवकर.

तारांवर लावतात ती रबराची गुंडी, डॅम्पनर, तिने कोपर वाचत नाही. ती फक्त तारांचा 'टिंग' आवाज बंद करते. फ्रेमची कंपनं तशीच हाताकडे येतात. आवाज आवडत नसेल तर जरूर लावा.

आणि मग फ्रेम

इथे थोडक्यात आटोपतो. चार आकडे बघा. डोक्याचा आकार ९८ ते १०५ चौरस इंच, आपल्यासारख्यांना पुरे. मोठ्या डोक्याची लाज वाटून घेऊ नका. हॉवर्ड हेड या विमानउद्योगातून आलेल्या इंजिनिअरने १९७६ साली ११० चौरस इंचांची 'प्रिन्स' आणली तेव्हा लोक हसले होते. आणि फेडररसुद्धा २०१४ मध्ये ९० वरून ९७ वर आलाच. दुसरा आकडा वजन. इथे आपली अटकळ चुकते: हलकी रॅकेट हाताला बरी, असं वाटतं. पण चेंडूचा धक्का कोणीतरी सोसायचाच असतो. रॅकेटमध्ये वस्तुमान कमी असेल तर तो हात सोसतो. झेपेल तेवढी जड घ्या, आणि वजन मुठीकडे असू द्या. चौथा कडकपणा, ज्याला आरए म्हणतात. ७० च्या आसपास म्हणजे कडक, साठीच्या आसपास किंवा खाली म्हणजे मऊ. कोपर दुखत असेल तर मऊ.

तिसरा राहिला? वजन कुठे आहे ते, म्हणजे बॅलन्स. तो वरच्या वाक्यात येऊन गेला.

माझी जुनी रॅकेट एका मित्राने सिएटलला जाताना दिली होती. हलकी, कडक, पॉली ५६ वर. तीनही गोष्टी एकदम बदलायचा मोह होता, पण आपण रोज ऑफिसात काय शिकवतो? एका वेळी एकच बदल, नाहीतर बग कशाने गेला ते कळत नाही. आधी त्याच रॅकेटला नुसतं गटिंग बदललं आणि महिनाभर खेळलो. फिजिओचे व्यायाम चालूच होते. रोज सकाळी दुधाचं पातेलं उचलताना किती दुखतं त्याला दहापैकी मार्क द्यायचे आणि एक्सेलमध्ये टाकायचे. (बायकोने ती शीट पाहिली. त्यावर तिने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.) सहावरून तीनवर आलं. मग ओव्हरग्रिप नवीन आणि कोरडी. तीनच्या आसपासच, पण शेवटच्या सेटला हात गळून जायचा तो कमी झाला. शेवटी ओळखीतल्यांच्या चार रॅकेटी मागून आणून, प्रत्येक एक आठवडा खेळून, एक घेतली. चपटी मूठ, ९८ चौरस इंच, ३०५ ग्रॅम, मऊ. दोनवर आलं, आता बहुतेक सकाळी शून्य असतं.

यात व्यायामाचा वाटा किती, विश्रांतीचा किती, तारांचा किती, हे एका कोपरावरून कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण सगळ्यात मोठा फरक पडला तो सगळ्यात स्वस्त बदलाने, आणि नवी फ्रेम न घेता. तेव्हा तुमचं कोपर कुरकुरत असेल तर पंधरा-वीस हजारांच्या दुकानात शिरायच्या आधी काही शेकड्यांचं काम गटिंगवाल्याकडे करून बघा. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, तुमचा हात वेगळा आहे.

असो. मंगळवार-गुरुवार-शनिवार परत सुरू झालंय, चौथ्याची शोधाशोध करावी लागलेली नाही. आता लेकीला रॅकेट घ्यायचीय. आठ वर्षांची आहे, म्हणजे साधारण २५ इंची. मी तिला मूठ कशी मोजायची ते समजावून सांगितलं, तिने शांतपणे हात पसरून मोजूनही दिलं. मग म्हणाली, "बाबा, पण जांभळीच घ्यायची."

उद्या जाऊन जांभळ्यांत बघतो.